औम नामगे बिदा कझाकांच्या बाकावर

पारोच्या रविवारच्या बाजारात त्या वर्षी मिरच्यांपेक्षा एक कुजबुज जास्त खपली. आमच्या जांगसा गावच्या औम नामगे बिदाने म्हणे परदेशात, अख्ख्या आशियातल्या पोरापोरींच्या क्रीडास्पर्धेत, एका कझाक मुलीवर करणी केली. आधी त्या मुलीच्या आईशी गोड बोलून तिला मंतरलेला दोमाचा विडा चारला. मग मुलीच्या पाठीमागं बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटली, हातवारे केले, आणि त्या बिचारीचा शेवटचा बाण नीट जाता जाता हवेतच मान वळवून भलतीकडं गेला. "माझ्या या डोळ्यांनी पाहिलं," असं आप खांदू शपथेवर सांगायचा. आप खांदूचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच असल्यामुळं भाजीला आलेल्या प्रत्येकाला आधी ही बातमी घ्यावी लागे आणि मग कोबी.

आमच्याकडं बाईला मानानं औम म्हणतात आणि पुरुषाला आप. औम नामगे बिदाला तुम्ही पाहिलं नसेल, पण ऐकलं असेल. वारा त्या बाजूचा असला तर तिचा आवाज विमानतळापर्यंत जातो. बुटकी, रुंद, दोमा खाऊन ओठ कायम लाल, कमरेला लुगड्यासारखा किरा असा करकचून आवळलेला की आतला श्वास फक्त बोलण्याच्याच वाटेनं बाहेर पडावा. नवरा बुमथांगला याक आणायला गेला आणि तिकडंच राहिला. लोक म्हणतात, तिच्या तोंडाला भिऊन पळाला. मला तो एकदा भेटला होता, तेव्हा म्हणाला, "आप, इथं फार शांत आहे हो," आणि असा उसासा टाकला की मला काही तो माणूस सुखी वाटला नाही.

तिच्या तोंडाची खरी किंमत कळायची ती तिरंदाजीच्या मैदानावर. आमच्या सामन्यात बाण मारणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम बोलणाऱ्यांचं. समोरच्या गावाचा गडी धनुष्य ओढून उभा राहिला की आपल्या गावच्या बायकांनी पुढं होऊन त्याची अशी काही हजेरी घ्यायची की त्याचा हात हलला पाहिजे. आणि त्यानं हसून ते सोसायचं, रागावला तर हरल्यासारखाच. या कामात औमच्या तोडीचं खोऱ्यात कोणी नव्हतं. एकदा थिंफूहून एक दाशो, म्हणजे बडे सरकारी साहेब, आले होते, चाकं लावलेलं परदेशी धनुष्य घेऊन. औम कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दाशो, एवढी चाकं लावलीत, मग गाडीच का नाही आणली? बाणाला पुढच्या सीटवर बसवून निशाणापाशी उतरवून आला असता की!"

दाशो हसले, बाण हसला, आणि पलीकडच्या बटाट्याच्या शेतात जाऊन पडला. सामना संपल्यावर दाशोंनी स्वतःच्या हातानं तिच्या वाटीत आरा ओतली, आमची भाताची दारू. म्हणाले, "औम, तुम्हाला पगारावर ठेवायला पाहिजे." ती म्हणाली, "माझा पगार तुमच्या खात्याला झेपायचा नाही."

पण या बोलण्याचाही एक कायदा आहे, आणि तो कुणी मोडत नाही. टोमणा मारायचा तो समोरच्याला. आपल्या माणसासाठी गाणं म्हणायचं, नाचायचं, त्याचा बाण लागला तर त्याच्या कमरेला रंगीत फडकं बांधायचं. सामना चालू असताना आपल्याच गड्याला वाईट बोलणं म्हणजे गावाच्या दैवावर थुंकणं. वरच्या वाडीतल्या एका बाईनं एकदा भर सामन्यात स्वतःच्या नवऱ्याला "आंधळा" म्हटलं. सहज, घरी म्हणते तसं. गाव हरलं. पुढं कित्येक वर्षं तिला भातरोपणीला कोणी हाक मारली नाही, तिच्या शेतातही कोणी वाकलं नाही. औम त्या बाईचं नाव आजही घेत नाही. "ती जीभ-फुटकी" एवढंच म्हणते.

दुसरा कायदा पुरुषांनी केलेला. बाईनं धनुष्याला हात लावायचा नाही. सामन्याच्या आधी तर पुरुष घरात झोपतसुद्धा नाहीत, गोठ्यात मुक्काम ठोकतात, म्हणजे बाईची सावलीही नको. आता आप खांदूच्या धाकट्या मुलाचा जन्म आणि त्या वर्षीचा मोठा सामना यांच्यात बरोबर किती महिने जातात हे मी एकदा त्याच्यासमोर बोटांवर मोजायला लागलो, तर त्यानं चहा मागवला. पण ते असो.

या दोन कायद्यांच्या मध्ये सापडली फुब झाम. ही औमच्या भावाची मुलगी. भाऊ फुन्त्शोलिंगला ट्रक चालवतो. त्यानं दुसरं लग्न केलं आणि आठ वर्षांच्या पोरीला बहिणीच्या ओट्यावर आणून सोडलं. पोरगी हडकुळी, गप्प, बांबूसारखी सरळ. एक दिवस औम भात गाळून वर बघते तो काय, पोरीनं आढ्यावरचं आजोबांचं धनुष्य काढलेलं.

"ठेव ते खाली! बाईचा हात लागला की धनुष्य रुसतं."

"पण अनी, मी बाई कुठंय? मी तर पोरगी आहे."

अनी म्हणजे आत्या. अनीनं भाताचं भांडं खाली ठेवलं. मारून धनुष्य काढून घ्यावं तर पोर नवीन, आईबापांवाचून आलेली. मग तिनं आपलं नेहमीचं हत्यार काढलं. लाजवून खाली ठेवायला लावायचं ठरवलं.

"मार बघू! मार! आहाहा, काय उभी राहिलीय! शेतातलं बुजगावणं बरं, त्याला निदान कावळे तरी भितात. अगं, तुझ्यापेक्षा आमच्या गाईची शेपटी नेम धरून मारते!"

पोरीनं बाण सोडला. वाफ्याच्या कडेला ठेवलेल्या कोबीच्या गड्ड्यात तो जाऊन रुतला.

"चुकून लागला," औम म्हणाली. "आंधळ्या कोंबडीलाही दाणा सापडतो की. पुन्हा मार."

पुन्हा लागला. त्या दिवशी आम्हा शेजाऱ्यांना कोबीची भाजी मिळाली, आणि त्यानंतर जवळजवळ रोज. संध्याकाळ झाली की परसातून आवाज यायला लागायचा: "नाक पूस आधी, मग नेम धर!... दात्शीची भाजी करपवलीस, आता बाणही करपव!... त्या हाताला हाडं आहेत की चीज भरलंय?" आणि त्या आवाजाच्या मधूनमधून धनुष्याच्या दोरीचं टण्ण. ती सुरुवातीला पोरीनं थांबावं म्हणून बोलायची. केव्हातरी ते बोलणं पोरीनं थांबू नये म्हणून व्हायला लागलं, पण केव्हापासून, हे त्या दोघींनाही सांगता यायचं नाही. परसातलं ते खेळणं होतं, सामना नव्हे, म्हणून कायदा मोडल्याचंही कुणाच्या मनात आलं नाही.

शाळेतल्या एका कार्यक्रमात लोपेन पेंजोरनी तिला पाहिलं. लोपेन म्हणजे गुरुजी. हे राष्ट्रीय पथकाचे प्रशिक्षक, मऊ आवाजाचे, बाहेरदेशी शिकून आलेले. तिथल्या नियमांच्या खेळात मुलींनी धनुष्य धरलं तर कुणाचं काही रुसत नाही. त्यांनी तिला थिंफूच्या शिबिरात नेलं. वसतिगृह, तीन वेळचं जेवण, शाळा, आणि खरंखुरं स्पर्धेचं धनुष्य. तिथंही सराव आमच्याच माणसांचा, म्हणजे शेजारी कुणी चिडवतंय, मागं कुणी गातंय, मैदानाच्या कडेला कुणी दुसऱ्याच्या लग्नाची चर्चा करतंय. निवडीच्या दिवशी तर अर्धं जांगसा ट्रकात बसून गेलं आणि बाकीच्या पोरींची अशी काही हजेरी घेतली की लोपेननी कानांवर हात ठेवले. फुब झाम पहिली आली. तिनं आयुष्यात एकही बाण शांततेत मारलेला नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

तर अशी ती सोळाव्या वर्षी देशाच्या पथकात गेली. पाच पोरं: एक धावणारा, एक पोहणारी, एक तायक्वांदोवाली, आणि तिरंदाज दोन, फुब झाम आणि एक मुलगा. जाण्याआधीच सांगून टाकलं होतं की शिबिरात जागा थोड्या आहेत. तिरंदाजांपैकी जो स्पर्धेत निदान एक सामना जिंकेल त्यालाच पुढं ठेवणार. नाही जिंकला तर घरी. फुब झामच्या बापानं हे ऐकून फोनवर सांगितलं, "परत पाठवलं तर सरळ इकडं ये. बायकोचं चहाचं दुकान आहे, गल्ल्यावर बस." फुन्त्शोलिंगच्या उकाड्यात चहाचे ग्लास. धनुष्याचं नावसुद्धा नाही. पोरीनं फोन ठेवून दिला. औम बोलली, पण ते मी इथं लिहू शकत नाही.

पथकातल्या मुलींबरोबर एक बाई हवी असा नियम. ठरलेल्या बाईंचे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी विमान बंद केलं. औम तेव्हा शिबिरात वाळक्या मिरच्या पोचवायला गेलेली होती. तिचे कागद कसे झाले ते विचारू नका. ती कार्यालयात जाऊन बसली आणि बोलायला लागली. ती उठून जावी म्हणून लोकांनी भराभरा शिक्के मारले.

पथक निघालं त्या दिवशी आम्ही सगळे विमानतळाच्या कुंपणाला लटकलो होतो. उद्घाटनाचं संचलन आप खांदूच्या फोनवर पाहिलं. केवढाले देश, शंभर-शंभर पोरं एका रंगाच्या कपड्यांत. मग आमची पाच, पोरं घो आणि पोरी किरा नेसून, पिवळ्या-केशरी झेंड्यामागं. आणि सगळ्यांत शेवटी औम, अख्ख्या मैदानाला हात हलवत, जणू ती सगळी गर्दी तिच्याच घरी जेवायला आलीय.

मग खेळ सुरू झाले. धावणारा शेवटून दुसरा आला. पोहणारी शेवटची आली, पण आजवर ती कधी पोहली नव्हती एवढं जोरात पोहली. आमच्याकडं पोहायला नदी आहे आणि त्या नदीत पाय घातला की पाय निळा पडतो, हे लक्षात घ्या. तायक्वांदोवालीनं पाय मुरगळूनही शेवटपर्यंत लढत दिली. तिरंदाज मुलगा पहिल्याच सामन्यात गेला. खरं सांगतो, त्या पाचांचा मला जेवढा अभिमान वाटतो तेवढा पदकं पोत्यात भरून नेणाऱ्यांचा त्यांच्या देशाला वाटत नसेल. पण जिंकलं कोणी नव्हतं. उरली एकटी फुब झाम.

आणि क्रमवारी लावायला जे बाण मारतात त्यात फुब झाम तळाशी गेली. जी पोर डोळे मिटून कोबी फोडायची, तिचे बाण पांढऱ्या कडेला लागत होते. लोपेननी धनुष्य तपासलं, तार बदलली, श्वास मोजायला सांगितला. श्वास मोजायला लागल्यावर आणखी बिघडलं.

दुपारी जेवणघरात ती ताटासमोर नुसती बसून होती. औमनं पुडीतून वाळकी मिरची काढून तिच्या भातावर कुस्करली.

"खा. इथल्या भाजीला चवच नाही, म्हणून तुझा नेम चुकतोय."

"अनी, तिथं कुणी काही बोलतच नाही."

"कुठं?"

"मैदानावर. मी धनुष्य ओढलं की सगळे गप्प. एकदम गप्प. मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू येतो. मग वाटतं, हे सगळे माझ्याकडं बघतायत. मग हात हलतो."

औम चावायची थांबली. फुब झाम मान खाली घालून म्हणाली, "अनी, तू बोल ना. परसात बोलतेस तसं."

"वेडी झालीस का? तो सामना आहे! सामन्यात आपल्याच पोरीला वाईट बोलू? माझी जीभ झडेल. ती जीभ-फुटकी काय आणि मी काय, फरक काय राहिला मग?"

"हरले तर मला चहाच्या दुकानात पाठवतील."

"मी गाणं म्हणते की. जोरात म्हणते."

"गाण्यानं नाही होत."

लोपेन पेंजोर शेजारीच होते. ते घाईघाईनं म्हणाले, "औम, गाणं नको, काहीच नको. इथं समोरच्या खेळाडूला काही बोललात तर बाहेर काढतील. कृपा करून गप्प बसा."

"मला कोण हौस आहे?" औम म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडी पहिल्यांदाच आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. समोर कझाकस्तानची आयझान, उंच, गोरीपान, क्रमवारीत वरच्या पाचांत. तीन-तीन बाणांची एक फेरी, फेरी जिंकली की दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक. आधी सहा गुण करील ती जिंकली. नेमबाजांच्या मागं थोड्या अंतरावर लाकडी बाकं होती, डावीकडं आमच्या पथकाची पोरं, उजवीकडं कझाकांची.

पहिली फेरी फुब झाम अशी हरली की आमच्या बाकावरच्या पोहणाऱ्या पोरीनं डोळ्यांवर ओढणीसारखा टॉवेल घेतला. मैदानात इतकी शांतता की झेंड्यांची फडफड ऐकू यावी. फुब झामनं मागं वळून आत्याकडं पाहिलं. 

औम उठली. दोमाची चंची सावरली आणि चालायला लागली.

"ही बाई चालली कुठं?" लोपेन म्हणाले.

ती सरळ उजवीकडच्या बाकावर गेली आणि कझाकांच्या बरोबर मधोमध, एका जाडजूड बाईला थोडं सरकवून, बसली. तिच्या मनात हिशेब साधा होता. आपल्या बाजूच्या माणसाला बोलायचं नाही ना? मग आपण बाजूच बदलू. या बाकावर बसलं की फुब झाम समोरच्यांची. आणि समोरच्याला तर बोललंच पाहिजे.

तिनं घसा साफ केला.

"ए बांबू! अगं ए वाळक्या बांबू! ही पोरगी आहे का कुणी वाळत घातलेली लोकर?"

फुब झामची पाठ, लोपेन सांगतात, त्याच क्षणी सैल पडली.

"बघा बघा, धनुष्य धरलंय की सासूचा हात? सोड की, रात्र होईल! भांडी कोण घासणार, तुझा बाप?"

टण्ण. बाण मधल्या पिवळ्यात.

ओरडत नव्हती हं ती. आपल्या शेजारणीशी कुंपणावरून बोलतात तशा आवाजात, पण न थांबता. कझाकांना आमची झोंगखा भाषा कुठली कळते? त्यांना वाटलं, ही डोंगरातली आजी आपल्या बाजूची आहे. ती जाडजूड बाई म्हणजे आयझानची आई, साउले. तिनं प्रेमानं पिशवीतून वाळवलेल्या दह्याचा पांढरा गोळा काढून औमला दिला. औमनं तो तोंडात टाकला, "आमच्या याकच्या चुगोसारखं आहे, पण मीठ जास्त पडलंय," असा निकाल दिला, आणि पाहुणचार अंगावर ठेवायचा नाही म्हणून आपल्या चंचीतला एक दोमा तिच्या हातावर ठेवला. साउलेनं चावला. तिचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण बाई चांगल्या घरची, थुंकली नाही. पुढचा सगळा सामना ती घाम पुसत औमच्या खांद्याला टेकून बसली होती.

एक पंच लोपेनकडं आला. "त्या बाई काय म्हणतायत? खेळाडूंना त्रास देतायत का?"

लोपेन पेंजोर आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. त्यांनी कान दिला. तेवढ्यात औम म्हणत होती, "हिचं नाक बघा, बाणाच्या आधी नाकच निशाणाला पोचेल!"

"प्रार्थना म्हणतायत," लोपेन म्हणाले. "आमच्याकडची जुनी."

पंचानं आयझानला खुणेनं विचारलं, त्रास होतोय का. तिनं हसून मान हलवली. आपली आई जिच्या खांद्याला टेकली होती ती लालओठी आजी तिला आवडली असावी.

दुसरी फेरी फुब झामची. तिसरी आयझानची. चौथी पुन्हा फुब झामची. पाचवीत बरोबरी. मग एकेक बाण, मध्याच्या जवळ ज्याचा तो जिंकला.

आयझाननं आधी मारला. त्या बाणाचं काय झालं ते पुढं सांगतो, कारण त्यावरूनच तर सगळा बोभाटा. मग फुब झाम रेषेवर आली. आणि औम, जिच्या तोंडाला दाशोंनाही उत्तर सापडलं नाही, ती गप्प झाली. तिचे शब्द संपले होते. ओठ हलत होते, हात हवेत काहीतरी शोधत होते, आवाज येत नव्हता. फुब झाम धनुष्य ओढून थांबली. थांबूनच राहिली. घड्याळाचे आकडे उतरत होते.

"अनी!" मागं न बघता ती ओरडली.

औमला एकदाचा आवाज फुटला.

"चहा कर जा! जा, फुन्त्शोलिंगला चहा कर! तेवढंच येतं तुला!"

हे बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं असं साउलेनं नंतर खुणा करून लोपेनना सांगितलं. तिला वाटलं, दोमाचा ठसका.

टण्ण.

बाण दहाच्या वर्तुळात लागला. आमच्या बाकावरची चारही पोरं उठून गोल करून नाचायला लागली, पाय मुरगळलेलीसुद्धा, आणि पोहणारीनं आपला टॉवेल पळत जाऊन फुब झामच्या कमरेला बांधला. पथकाचा तेवढा एकच विजय. पुढचा सामना फुब झाम हरली, पण छान हरली, आणि शिबिरातली तिची जागा पक्की झाली. आज ती तिथं लहान पोरींना शिकवते. तिच्या मैदानावर फार गोंगाट असतो असं ऐकतो.

इकडं आम्ही आप खांदूच्या दुकानात त्याच्या फोनवर डोकी घालून बसलो होतो. फोनला चित्र होतं, आवाज मेलेला. आम्हाला दिसलं ते एवढंच: आपली औम उठून शत्रूच्या बाकावर गेली, त्या मुलीच्या आईला दोमा दिला, पुटपुटली, हात फिरवले, आणि ती मुलगी हरली. आप खांदूनं मांडीवर थाप मारली. "करणी! बघितलंत? करणी!" पथक परत येईपर्यंत त्या करणीला मंत्र मिळाला होता, मंत्र देणारा साधू मिळाला होता, आणि साधूला गुहासुद्धा मिळाली होती.

औम आली तेव्हा आप खांदू दुकानाबाहेर उभाच होता. हात जोडून म्हणाला, "औम, आता लोसारच्या सणाला पलीकडच्या गावाशी सामना आहे. त्यांच्या त्या टकल्यावर जरा... तसंच काहीतरी..."

औमनं त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "बघू. आधी मागच्या मिरच्यांचा भाव नीट लाव."

तिनं ना हो म्हटलं, ना नाही. तेव्हापासून बाजारात तिला वाट मिळते, तराजू तिच्यासाठी जरा झुकतो. फुब झाम चिडायची. एकदा मीच होतो ओट्यावर बसलेलो, चहा घेत.

"अनी, सांगून टाक ना खरं काय ते! लोक तुला चेटकीण म्हणतात."

"म्हणू देत. चेटकिणीला रोपणीला बोलावतात, भिऊन का होईना. पण सामन्यात आपल्या पोरीला वाईट बोलली म्हटल्यावर माझ्या शेतात कोण वाकेल? तू?"

"मी वाकेन."

"तुझी पाठ बांबूची. तू वाकलीस की मोडशील. चहा ओत या आपांना, आणि सांडू नकोस, हात आहे की चाळण?"

फुब झामनं चहा ओतला. एक थेंब सांडला नाही.

आता औमनं शेत अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिलंय, रोपणीला तिला कोणी हाक मारली काय अन् न मारली काय, म्हणून लिहितो. आयझानचा शेवटचा बाण कुठंही वळला नाही. तो सरळ गेला आणि नऊच्या वर्तुळात लागला. नऊ म्हणजे चांगला बाण, पण फुब झामचा दहा होता. आप खांदूच्या फोनची काच मधोमध तडकलेली होती, त्यामुळं त्यात प्रत्येकच बाण तिथं वाकडा दिसायचा. औम नामगे बिदा त्या कझाक मुलीला एक शब्दही बोलली नाही. ती आपल्या भाचीला शिव्या देत होती, कारण भाचीला शांततेत नेम धरता येत नव्हता.